तीन म्हटलं की दाबायचं

सोमवार, १० फेब्रुवारी

चि. छोट्यास,

आशीर्वाद तूर्त राखून ठेवले आहेत. खाली विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं की ठरवू.

प्रश्न साधा आहे. काल फोनवर तू ज्या दहाव्या गाण्याचं एवढं कौतुक करत होतास, ते तू कुठे ऐकलंस?

घाई नाही. मी दातांची डॉक्टर आहे, तोंड उघडायला लोक वेळ घेतात याची मला सवय आहे. तोवर मी सगळं लिहून काढते. फोनवर बोलायला गेलं की तू "अगं ताई, तू पण ना!" म्हणून हसतोस, तुझं हसू ऐकून मीही हसते आणि विषय वाहून जातो. कागदावर तुला हसता येणार नाही.

तर काल रविवार. नेहमीप्रमाणे दहाला तुझा फोन. सीडी आपल्या घोगऱ्या बाईची. (तिचं खरं नाव आपण दोघंही लहानपणापासून चुकीचं उच्चारतो, तेव्हा हेच बरं.) तिकडे तुझ्या यंत्रात एक, इकडे माझ्या यंत्रात एक. "तयार?" "तयार." "तीन म्हटलं की दाबायचं. एक, दोन, तीन." फोन खाली. मध्ये एका रात्रीचा प्रवास, पण दोन्ही घरांत एकाच क्षणी बाई खाकरून गायला लागते. संपलं की पुन्हा फोन आणि मग तासभर भांडण. तुझी बदली झाली तेव्हापासून हे असंच चाललंय, आणि त्यात खंड पडला तो फक्त तुझ्या लग्नाच्या दिवशी. तेही मी समजून घेतलं होतं.

तिच्या सीडीवर नऊ गाणी आहेत. नववं संपतं, कुणीतरी खुर्ची मागे सारतं, आणि सीडी थांबते. एवढंच आहे त्यावर. पण काल तू म्हणालास, "आणि ताई, ते शेवटचं, नुसत्या टाळ्यांवरचं! नऊ गाणी बाई शिस्तीत गाते आणि दहाव्याला चपला काढून मांडी घालून बसते!"

मी म्हटलं, "हं."

त्या "हं"चा अर्थ तुला कळायला हवा होता. सगळं आयुष्य ऐकत आला आहेस तो.

आज सकाळी पहिला पेशंट यायच्या आत मी दुकानदाराला गाठलं. तोच, ज्याच्याकडून नवं यंत्र घेतलं. त्याने फोनवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "बरोबर आहे बाई. स्ट्रीमिंगवर नवी आवृत्ती आलीय हिची. कंपनीला कपाटात उरलंसुरलं एक गाणं सापडलं, ते शेवटी चिकटवलंय. टाळ्यांवरचं. सीडीवर ते कधीच नव्हतं."

आता थोडं मागे जाऊ. माझा जुना प्लेअर हिवाळ्यात गेला. ट्रे आत अडकून बसला, अक्कलदाढेसारखा. पुढे दोन रस्ते होते. एक, सीडी ट्रान्सपोर्ट घ्यायचा. पेशंटांना मी सांगते, ती नुसती मालवाहू गाडी आहे. सीडीवर जे आहे ते जसंच्या तसं उचलायचं आणि पुढच्या यंत्राच्या दारात उतरवायचं, स्वतः गायचं नाही. दोन, सीड्यांना रामराम ठोकून स्ट्रीमिंग घ्यायचं. दरमहा वर्गणी भरायची आणि जगातलं सगळं संगीत वायरीतून घरात. मला ठरवता येईना. मी तुला विचारलं. एकदा नाही, रविवारमागून रविवार. आणि तू काय म्हणालास ते मला पाठ आहे:

"ताई, डोळे मिटून ट्रान्सपोर्ट घे. सीडी आपली असते. स्ट्रीमिंगवर आपण पाहुणे, कधी कुणी उठवेल सांगता येत नाही. आणि आपले रविवार? दोघांनी एकच वस्तू हातात घेऊन ऐकायची, ती मजा वर्गणीत कुठली?"

मी डोळे मिटले आणि ट्रान्सपोर्ट घेतला.

आठवडाभर मी उघड्या तोंडांशी बोलते. मी बोलते, ती "आं आं" करतात. मी विनोद केला तर त्यांना हसता येत नाही, मी चुकीचं बोलले तर त्यांना भांडता येत नाही. खालचा दवाखाना बंद करून वर आले की घरात मी एकटी. रविवारी दहाला एक माणूस मला उलट उत्तर द्यायचा. मला वाटायचं, त्याने ऐकलेलं असतं म्हणून तो भांडतो.

तुझा प्लेअर कुठे आहे, छोट्या?

– ताई


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

छोट्यास,

"चि." गळून पडलेलं तुझ्या लक्षात आलं असेल. हलत होतंच, मी नुसता हात लावला.

तुझं उत्तर पोचलं. एवढ्या पत्राला फोनवरून आलेल्या दोन ओळी. "अगं ताई, तू पण ना! मधूनमधून ऐकतो गं स्ट्रीमिंगवर, एवढं काय!" पुढे हसरं तोंड. दात दाखवणारं. मला दात दाखवू नकोस, मी ते मोजते.

"मधूनमधून" हा शब्द मी रोज ऐकते. गोड खाता का? मधूनमधून. तंबाखू? मधूनमधून. मग मी आरसा आत घालते आणि सगळं दिसतं.

यावेळी आरसा म्हणून तुझ्या घरी फोन केला. तू ऑफिसात. फोन तुझ्या बायकोने घेतला, आणि ती बिचारी खरं बोलणारी बाई आहे, तिला कुणी सांगितलंच नव्हतं की इथे काही लपवायचं आहे.

"प्लेअर? अहो वन्सं, तो कधीच देऊन टाकला. नवा सोफा आला ना मागच्या वर्षी, जागा कुठे होती!"

"आणि सीड्या?"

"त्या आहेत ना! टाकल्या नाहीत हो. गॅलरीत आहेत."

"खोक्यात?"

"खोक्यात कशाला? दोरीला बांधून टांगल्यात. कबुतरांनी नुसता जीव नकोसा केला होता. आता ऊन पडलं की अशा लखलख फिरतात, एक कबूतर जवळ येत नाही. शेजारचे विचारतात, कुठून आणल्या म्हणून."

मग मी विचारलं, "घोगऱ्या बाईची पण?"

"नावं कोण वाचतंय वन्सं! उलट्या बाजूनेच चमकतात त्या."

तिचा मला राग नाही. तिने कधी फोनवर "तयार" म्हटलं नव्हतं.

तू म्हणशील, प्लॅस्टिकच्या चकत्याच त्या. तर मग आठव. बाबा गेल्यावर आपण दोघं त्यांच्या खोलीत जमिनीवर बसलो होतो. भांडीकुंडी, कपाट, घड्याळ, कशावरून आपलं काही झालं नाही. सगळं "तू घे, तू घे". सीड्यांना मात्र आपण एक तुला एक मला असं वाटप केलं, आणि घोगरी बाई तुझ्या वाट्याला आली तेव्हा मी तुझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. मग बाजारातून दुसरी घेऊन आले. पण बाबांची, त्यांनी पेनाने चकतीवरच सही केलेली, ती तुझ्याकडे गेली. ती आता कबुतरं हाकलते. बाबांना आयुष्यात एक माणूस हाकलता आला नाही, घरी विमा विकायला आलेलासुद्धा चहा पिऊन जायचा. मेल्यावर जमलं म्हणायचं.

पण माझं खरं दुखणं गॅलरीत नाही. ते रविवारी कळलं.

रविवारी दहाला तू फोन केलास. मी मोजू दिलं नाही. सरळ विचारलं, "स्वतः सगळं मोडून बसला होतास, मग मला ट्रान्सपोर्ट घ्यायला का सांगितलंस?"

तू म्हणालास, "अगं, तुला तेच हवं होतं ना. तुझ्या आवाजावरून कळत होतं. तुझ्या आनंदात मी कशाला मोडता घालू?"

"मग तुला काय वाटत होतं ते का नाही सांगितलंस?"

"तुला ते ॲप-बिप कुठे जमलं असतं, ताई! आणि तुझे रविवार..."

"माझे?"

आजवर मी त्यांना "आपले" म्हणत होते. हे एवढं आधी सांगितलं असतंस तर मी निदान तो शब्द वापरायचं थांबवलं असतं.

छोट्या, मी सल्ला विचारला होता, लाड नव्हते मागितले. तू मला पटवलंस, वाद घातलेस, एकदा तर माझ्या बाजूने माझ्याशीच भांडलास. आणि ते सगळं म्हाताऱ्या माणसाला "हो हो, तुमचंच बरोबर" म्हणतात त्या चालीवर चाललं होतं. माझं वय त्रेपन्न आहे. माझे सगळे दात माझे आहेत. एवढ्यात मला कुस्करून भरवायची गरज नव्हती.

दुकानदार म्हणतो, ओळखीचं गिऱ्हाईक म्हणून मार्चअखेरपर्यंत यंत्र परत घेईन. तोवर ठरवेन. यावेळी तुला न विचारता.

– ताई


सोमवार, ३ मार्च

श्रीयुत धाकटे बंधू यांस,

तू निमंत्रण पाठवलंस. "राग सोड ताई, तूच ये इकडे. आमचा ग्रुप आहे, रविवारी दहाला सगळे एकदम ऐकतो. मोजायलासुद्धा लागत नाही, सगळ्यांकडे आपोआप एकाच क्षणी सुरू होतं. कधीही ये, दार उघडंच असतं."

रविवारी दहाला. म्हणजे "तीन" म्हणून माझा फोन खाली ठेवलास की त्याच बोटाने तिकडचं दाबत होतास. मी निवडलेली सीडी त्यांना तुझी निवड म्हणून ऐकवत होतास. एवढे दिवस मी नऊ-दहा अनोळखी माणसांबरोबर एका खोलीत बसले होते आणि मला वाटत होतं आपण दोघंच आहोत.

तरी मी ठरवलं, जाऊन बघू. हट्ट म्हणून नको म्हणणं मला मान्य नाही. पेशंट असं वागला तर मी त्याला खुर्चीतून उठवते.

आधी दुकानात गेले. दुकानदाराला म्हटलं, पडद्यामागून लाव. तेच गाणं, तेच स्पीकर, एकदा ट्रान्सपोर्टमधून, एकदा स्ट्रीमिंगवरून. मी ओळखते. त्याने लावलं. मी डोळे मिटून, मान कलती करून, अगदी तज्ज्ञ चेहऱ्याने ऐकलं आणि म्हटलं, "पहिली सीडी. आवाजाला अंग आहे. दुसरं पातळ आहे, ते स्ट्रीमिंग."

तो म्हणाला, "उलटं, बाई."

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. पुन्हा उलटं.

"मी एवढी ठाम होते," मी म्हटलं.

"चुकणारे सगळे ठामच असतात," तो म्हणाला. "बरोबर सांगणारा आजवर एकच आला, आणि तो म्हणाला, मला काही फरक कळत नाही. मला काय, मी दोन्ही विकतो."

तेव्हा हे लिहून ठेव, कारण मी पुन्हा म्हणणार नाही: स्ट्रीमिंगचा आवाज चांगला आहे. घरी एक महिना फुकटची वर्गणी घेतली आणि ॲप सुरू केलं. ते मला जमलं. तुझ्या माहितीसाठी सांगते, चहा उकळेपर्यंत जमलं. एकच गोष्ट खटकली. अख्खी सीडी ऐकून संपली तरी ते थांबेना. "तुम्हाला हेही आवडेल" म्हणून आपलं आपण पुढचं वाजवायला लागलं, मग त्याच्या पुढचं. मला शांतता हवी होती तर ती शोधून बंद करावी लागली. पण सवय झाली असती. माणसाला कसलीही होते.

मग काल दहाला तुझ्या उघड्या दारातून आत आले. नाव विचारलं तेव्हा मी काही लिहिलं नाही, म्हणून मला "पाहुणा" म्हणून बसवलं. सगळं एकदम सुरू झालं, खरंच कुणाला मोजावं लागलं नाही. ऐकता ऐकता बाजूला मंडळी लिहीत होती. कुणी "वा", कुणी "क्या बात है", कुणी नुसते टाळ्यांचे हात. पहिलं गाणं होतं आपल्या त्या ढोलवाल्याचं, ताशी मैल मोजत वाजवणाऱ्याचं. आणि तू लिहिलंस:

"हा भूल चढायच्या आत दात ओढतो."

टाळ्याच टाळ्या. एकीने लिहिलं, "कसलं भारी! तुला हे सुचतं कुठून?"

तू लिहिलंस, "सहज."

छोट्या, तू विमा कंपनीत आहेस. आयुष्यात चिमटा हातात धरला नाहीस. ते वाक्य मी तुला गेल्या उन्हाळ्यात म्हटलं होतं, आणि त्या दिवशी खरंच एका माणसाचा दात भूल चढायच्या आत माझ्या हातून हलला होता, दिवसभर मला अन्न गोड लागलं नव्हतं, म्हणून ते सुचलं होतं. सहज नव्हतं.

तरी मी तिथेच थांबले. तुझी आणखी तीन वाक्यं आली. तिन्ही माझी. "बेसवाला घरमालकासारखा खालून ठोकतोय." "ही बाई सूर लावत नाही, पत्ता विचारत विचारत पोचते." तिसरं मी लिहीत नाही, ते मी रात्री तुला एकट्याला सांगितलं होतं आणि आपण दोघं फोनच्या दोन टोकांना हसून हसून दमलो होतो.

ते सगळे तुला फार हुशार समजतात. बरोबरच आहे, मीही समजत होते. कारण मी फोनवर ज्या तुझ्या मतांवर जीव टाकत होते, "नाही ताई, इथे तुझं चुकतंय, इथे तो मुद्दाम मागे राहतो," ती काल मला त्या बाजूच्या लिखाणात दुसऱ्यांच्या नावावर वाचायला मिळाली. माझं तिकडे, त्यांचं इकडे. मालवाहू गाडीच की. मी उगीच दुकानात गेले, ट्रान्सपोर्ट माझ्याकडे आधीपासून होता.

मी काही न लिहिता बाहेर पडले. "पाहुणा गेला" असं दिसलं असेल तुला. ती मी.

– ताई


बुधवार, १९ मार्च

चि. छोट्यास,

"चि." परत बसवलं आहे. सध्या सिमेंट ओलं आहे, त्यावर जोर देऊ नकोस.

त्या पत्रानंतर तू फोन केलास. म्हणालास, "ताई, चुकलो." एवढंच. पुढे "तू पण ना" नाही, हसणं नाही. तू रडलास का ते मी विचारलं नाही. तुला सर्दी झाली होती असं आपण दोघांनी धरून चालू.

मग तू सांगितलंस की ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं, ती वाक्यं माझ्या बहिणीची. कुणीतरी म्हणालं म्हणे, "मग बहिणीलाच आण, तू कशाला?" हे मला आवडलं. खरं असो नसो, आवडलं.

आणि मग म्हणालास, जुना ट्रान्सपोर्ट घेतला. कुणी घर बदलणारा काका सामान काढत होता, त्याच्याकडून. "काळा आहे, जरा जड आहे, मागचं एक बटण तुटलंय पण त्याचं काही काम नाही. ठेवायला जागा नव्हती तर सोफा भिंतीपासून सरकवला. ही कुरकुरतेय, पण कुरकुरू दे." मला ते तुटलेलं बटण पटलं. बटण मोडलेलं यंत्र कुणी मनाने रचत नाही.

म्हणून मी उत्तर देते: हो. पुन्हा सुरू करू. मोजून. आणि तू विचारलंस की सीडी कुठली, तर तीही शोधून ठेवली आहे.

पियानो, आणि त्याच्याबरोबर ते माणसाएवढं उभं व्हायोलिन, दोघंच. वाजवणारे दोघं कोण ते मला माहीत नाही, तुलाही नसणार. एका लहान कंपनीने काढली होती, ती कंपनी केव्हाच बुडाली. स्ट्रीमिंगवर शोधून पाहिली, नाहीये. हा सापळा नाही, तसं मनात आणू नकोस. मला फक्त अशी एक गोष्ट हवी होती जी तुझ्याकडे आणि माझ्याकडे असेल आणि मध्ये तिसरं कुणी बसलेलं नसेल. दुकानदाराच्या माळ्यावर दोन प्रती धूळ खात पडल्या होत्या. तो म्हणाला, "बाई, दोन कशाला?" मी म्हटलं, "मला दोन कान आहेत."

तुझी प्रत आज पार्सलने पाठवते. ओरखडा असेल तर तुझ्याकडे अडकेल आणि माझ्याकडे वाजेल, सगळा हिशोब चुकेल, म्हणून आधी तुझीच माझ्या ट्रान्सपोर्टमध्ये घालून सुरुवातीची दोन मिनिटं तपासली. स्वच्छ आहे. पुढचं ऐकलं नाही. नियम म्हणजे नियम, तूही रविवारआधी ऐकायचं नाहीस. फोडताना सांभाळून फोड, टाके घातल्यासारखा दोरा बांधला आहे.

काल संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर हात धुताना मी गुणगुणत होते असं नर्सने सांगितलं. मी म्हटलं, भास झाला असेल तुला.

रविवारी तीसला, दहाला. आशीर्वाद यासोबत. राखून ठेवलेलेसुद्धा.

– ताई


सोमवार, ३१ मार्च

छोट्या,

काल काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

दहाला थोडा वेळ होता. मी खुर्ची स्पीकरच्या समोर ओढली, फोन मांडीवर घेतला, सीडी घालायला ट्रे उघडला. ट्रेमध्ये एक सीडी होती. तीच, पियानो आणि उभं व्हायोलिन. मला वाटलं, आधीच घालून ठेवली वाटतं मी, वय झालं. मग माझी डबी उघडली. त्यातही सीडी.

दोन. दोन्ही माझ्या घरात.

मला कळायला जरा वेळ लागला. तुझी प्रत तपासायला आत घातली, बाहेर काढायची विसरले, आणि नुसती डबी कागदात गुंडाळून, दोरा बांधून, पोस्टाच्या खिडकीतून मी तुला पाठवून दिली. सीडीवाल्यांचा हा जुना रोग, डबी एकीकडे आणि सीडी यंत्रात. तुला मी इथून एवढ्या लांबवर, शिक्का मारून, हवा पाठवली.

मी एकटीच हसले. मनातल्या मनात तुझा फोन ऐकू आला, "ताई, डबी रिकामी आहे की गं! म्हातारी झालीस!" उत्तरही तयार करून ठेवलं होतं, चांगलं होतं, पण आता ते राहू दे. आपण आज ऐकू शकणार नाही, मी तुला ती परत पाठवीन, तोवर मला आठवडाभर चिडवशील, असं सगळं मी ठरवून टाकलं. आणि गंमत म्हणजे मला ते फार बरं वाटत होतं.

फोन वाजला.

"काय ताई, तयार?"

मी म्हटलं, "तू?"

"एकदम तयार! सीडी आत, मी सोफ्यावर."

तुला वेळ दिला. "पार्सल उघडायला त्रास नाही ना झाला? दोरा घट्ट होता."

"छे गं, कात्रीने कापला. चल, तीन म्हटलं की दाबायचं. एक, दोन, तीन."

मी दाबलं. सवयीने. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं पण बोट आधी पोचलं.

ऐकली मी, पूर्ण. चांगली आहे. तिच्यात काय चांगलं आहे ते मी इथे लिहिणार नाही.

संपल्यावर तुझा फोन. "ताई, पियानोवाला काय संयमी आहे गं! आणि ते मोठं व्हायोलिन म्हणजे, म्हणजे जणू..."

"जणू काय?"

"जणू... आता तूच सांग. तुझ्यासारखं मला कुठे सुचतं!"

मी म्हटलं, मला काही सुचलं नाही. तू म्हणालास, "असं कसं, तुला आणि सुचलं नाही?" आणि वाट बघत राहिलास. मी गॅस बंद करायचा म्हणून फोन ठेवला. गॅस बंदच होता.

दोन शक्यता आहेत, मी रात्रभर नाही पण सकाळपासून त्यांच्याकडे बघते आहे. एक, तू पार्सल उघडलंच नाहीस. ट्रान्सपोर्ट नाही, काका नाही, सरकवलेला सोफा नाही. ते मागचं तुटलेलं बटण मात्र फार सुरेख होतं, त्याबद्दल तुला मानलं पाहिजे. दोन, तू पार्सल उघडलंस, डबी रिकामी पाहिलीस, आणि ताईला वाईट वाटेल म्हणून तीन मोजलेस.

दुसरी खरी असेल तर मला सांगू नकोस. पहिली मी सहन करेन.

आज दुकानात जाऊन आले, परत करायची आजच मुदत होती. ट्रान्सपोर्ट ठेवते आहे. सल्ला देणारा खोटा होता म्हणून यंत्र खोटं ठरत नाही, आणि सीडी संपली की ते थांबतं, एवढं एक मला त्याचं आवडतं. स्ट्रीमिंगची वर्गणीही चालू ठेवली. दुकानदार म्हणाला, "दोन्ही? मग एवढे दिवस कसला विचार करत होता?" मी म्हटलं, आवाजाचा नव्हते करत.

येत्या आठवड्यापासून रविवारी सकाळी दहाला दवाखाना उघडतेय. पाटी रंगवायला दिली आहे. नोकरी करणाऱ्यांना रविवार सोयीचा पडतो, बऱ्याच जणांनी विचारलं होतं, मीच आजवर नाही म्हणत होते. त्या वेळेत फोन लागणार नाही. दोन्ही हात गुंतलेले असतात.

तेवढी डबी परत पाठव. एक सीडी इथे उघडी पडलीय, धूळ खाते आहे. दोरा सुटलेला नसेल तर आता सोडत बसू नकोस. आहे तसंच पार्सल, फक्त तुझा पत्ता खोड आणि माझा घाल.

– ताई